उर्सुलाबाईची भवानी

फॉरेनर माणूस मेथी खात नाही, यावर जयदीपशेठचा ठाम विश्वास होता. खाल्लीच, तर थंड कपाटातून काढलेली, प्लॅस्टिकच्या डबीत झोपवलेली, वर इंग्रजीत नाव छापलेली खातो. गोणपाटावर मांडी घालून बसलेल्या बाईकडून तर मुळीच घेत नाही. हे ज्ञान त्याला कुठून झालं ते विचारू नका. स्वतः जयदीपशेठ आयुष्यात एकदाच परदेशी गेला होता, मित्रांबरोबर थायलंडला, आणि तिथे मुक्काम होता तोवर वरणभात कुठे मिळतो एवढंच शोधत फिरला होता. पण माणसाचा एकदा विश्वास बसला की बसला.

'शेठ' ही पदवीही तशी ताजीच. रावेतमधलं जुनं शेतकरी घराणं. एक्स्प्रेसवे झाला, मागोमाग टॉवर आले, आणि जिथे जयदीपच्या वडिलांनी, सोपानरावांनी, ऊस लावला होता तिथे बिल्डरनं मजले लावले. बदल्यात काही फ्लॅट आणि तळमजल्यावरचे दोन गाळे पदरात पडले. सोपानराव हे वैभव बघायला राहिले नाहीत. जयदीप राहिला, आणि त्यानं पांढरी मोठी गाडी, गळ्यात जाड साखळी आणि व्हिजिटिंग कार्डावर 'एमडी' अशी सगळी तयारी केली. कशाचा एमडी, ते कार्डावर लिहिलेलं नव्हतं.

या सगळ्या थाटात एकच गोष्ट त्याला खुपायची, ती म्हणजे त्याची आई. छबूबाईची पवनेकाठची थोडी जमीन पूररेषेत येते म्हणून बिल्डरनं घेतली नव्हती. तिथे ती मेथी करायची, कोथिंबीर करायची, आणि दर गुरुवारी दुपार कलली की पाटी डोक्यावर घेऊन आठवडे बाजारात जाऊन बसायची. लिंबाखालची जागा, लग्न होऊन आल्यापासूनची. मुलगा एमडी झाला म्हणून त्या जागेत वीतभर फरक पडला नव्हता.

"आई, घरात काय कमी आहे तुला?" जयदीप विचारायचा.

"काय बी कमी न्हाई."

"मग बाजारात कशाला बसतेस?"

"म्हणूनच बसते. घरात बसून काय करू, तुज्या टीव्हीकडं बगू का तुज्या तोंडाकडं?"

जयदीप गाडीची काच वर करायचा आणि बाजाराच्या दिवशी लांबच्या रस्त्यानं जायचा.

आता आईची भरपाई देवानं दुसरीकडे केली होती. जयदीपच्या आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जर्मन जोडपं भाड्यानं राहत होतं. क्लाउस चाकणच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. पहाटे कंपनीची गाडी घेऊन जायची, अंधार पडल्यावर आणून टाकायची. बायको उर्सुला, पन्नाशीची, उंच, ऊन लागून नाक कायम लाल. जयदीपला त्यांचा केवढा अभिमान! पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला खाली अंगणात आणून आठव्या मजल्याकडे बोट दाखवायचा. "जर्मन आहेत. आपल्याकडे." जणू ह्यानंच पाळण्यात घालून वाढवले होते.

आणि त्या अभिमानातूनच दुकानाची कल्पना निघाली. तळमजल्याचे दोन गाळे जोडून फॉरेनर लोकांचा किराणा आणि भाजी. चीज, ऑलिव्ह, पास्ता, गोठवलेली ब्रोकोली, काचेच्या दाराआडची थंडगार हवा. नाव 'युरो बास्केट'. बायको तनुजा म्हणाली, "अहो, पण रावेतमध्ये फॉरेनर आहेत किती?"

"फॉरेनर लागतातच कशाला? एक बास आहे," जयदीप म्हणाला. "गोरी बाई जिथनं भाजी घेते म्हटल्यावर आठव्या मजल्यापासून पहिल्या मजल्यापर्यंत सगळ्या बायका तिथनंच घेणार. डोकं लागतं याला."

डोकं लागलं, शिवाय एक फ्लॅटही लागला. तो विकून त्यानं कपाटं आणली, मशीन आणली, छताला पांढरे दिवे लावले. म्हणजे बघा, सगळा डोलारा उर्सुलाबाईच्या पिशवीवर उभा. ती पिशवी कुठे जाते ते मात्र त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

ते कळलं किल्ल्यांमुळे. एका गुरुवारी थंड कपाटं बसवायला माणसं आली आणि गाळ्याच्या किल्ल्या आईच्या कमरेला. घराच्या, गाळ्यांच्या, तिजोरीच्या, सगळ्या किल्ल्यांचा जुडगा छबूबाई कमरेला खोचून असायची. एमडीला स्वतःचं शटर उघडायचं तरी आईपुढे हात पसरावा लागे. फोन ती घरी विसरून गेलेली. झक मारत जयदीप बाजारात उतरला, डोळ्यांवर काळा चष्मा लावून, ओळख पटू नये म्हणून. गावातला बाजार, दर दोन पावलांवर "काय जयदीप, इकडं कुठं?" ऐकू येत होतं.

बाजार अजून मांडला जात होता. लिंबाजवळ मात्र ही गर्दी! जयदीपला वाटलं आईला काही झालं. माणसं बाजूला सारत तो आत घुसला आणि जागच्या जागी थिजला. कांदे-बटाटेवाल्या कस्तुराबाईच्या ढिगापुढे त्याची उर्सुलामॅडम उकिडवी बसली होती. अंगात सुती कुडता, खांद्याला पिशवी, आणि तोंडात अस्सल मावळी मराठी.

"न्हाई परवडत, कस्तुरा. खाली ये."

"आवो बाई, घरी तर पडू द्या काहीतरी," कस्तुराबाई कळवळून म्हणत होती. ती मराठवाड्यातली, नवरा तळवड्याला एका वर्कशॉपमध्ये.

"भवानी हाय. न्हाई म्हणू नको."

आणि गंमत बघा, कस्तुराबाईनं निमूट कांदे तोलायला घेतले. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती ज्याच्या हातून होते त्याच्या हातावर सगळा दिवस जातो, ही बाजाराची समजूत. पहिलं गिऱ्हाईक माघारी लावायचं नाही. त्यानं कमी मागितलं तरी कुरकुरत द्यायचं, पैसे कपाळाला लावायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडून भरून काढायचे. ही गोष्ट छबूबाईनं उर्सुलाला कधीतरी गप्पांच्या ओघात सांगितली होती. जर्मन बाईनं ती नीट लक्षात ठेवली आणि तेव्हापासून प्रत्येक ढिगापुढे पहिलं गिऱ्हाईक होण्याचा सपाटा लावला. कांद्याची भवानी तीच, टोमॅटोची तीच, काकडीची तीच. कोणाची विक्री सुरू व्हायच्या आत ही हजर.

दुसरी कोणी असती तर विक्रेत्यांनी तिला बाजारातून हाकलली असती. पण झालं होतं भलतंच. गोरी बाई घासाघीस करताना बघायला माणसं गोळा व्हायची, गोळा झालेली माणसं आयतीच भाजी घ्यायची, आणि माल बघता बघता संपायचा. त्यामुळे बाजारानं ठरवून टाकलं की या बाईच्या हाताला गुण आहे. आता तर अशी परिस्थिती की कोणी लवकर येऊन कोथिंबीर मागितली तर उत्तर मिळे, "जरा थांबा, आमची बाई येऊ द्या." चांगली रोख पैसे देणारी रावेतची माणसं एका परदेशी बाईची वाट बघत उन्हात ताटकळायची.

"आलास व्हय?" छबूबाईनं कमरेच्या किल्ल्या काढून दिल्या. "ही बग आमची उर्सुला. हिला माजा चक्का लई आवडतो. तिच्या गावी बी असाच करत्यात म्हणं."

जयदीपनं चष्मा काढला, मग पुन्हा घातला. "मॅडम," त्यानं आपलं राखून ठेवलेलं इंग्रजी बाहेर काढलं, "धिस मार्केट नॉट हायजिनिक."

"मी धुते," उर्सुला मराठीत म्हणाली.

"मॅडम, आपलं दुकान होतंय खाली. सगळं इम्पोर्टेड. युअर कंट्री आयटम."

"हां, छबूताईनं सांगितलं. भाव काय?"

मग तिनं थोडं इंग्रजीत, थोडं मराठीत समजावून सांगितलं. क्लाउसच्या कंपनीनं परदेशभत्ता निम्म्यावर आणला आहे. मुलगी तिकडे शिकते आहे. मॉलमधलं चीज विकत घेऊन खायचं तर महिन्याच्या शेवटी हवा खावी लागेल. म्हणून ती कोबी आणते आणि मीठ लावून बरणीत आंबवते. शिवाय तिच्या गावीही शनिवारी चौकात बाजार भरतो आणि तिची आई तिथे शेतकऱ्यांशी अशीच भांडायची. इथे बसलं की आईची आठवण होते, बरं वाटतं.

फॉरेनरला परवडत नाही! हे वाक्य जयदीपच्या कानापर्यंत आलं आणि बाहेरच्या बाहेर परत गेलं. मोठी माणसं मुद्दाम साधी राहतात, असं त्यानं मोबाइलवर कुठेतरी पाहिलं होतं. त्याला वाटलं, बाई हौशीनं करते आहे. हौस फिटली की येईल खाली.

पण हौस फिटेना. पुढच्या गुरुवारी सोसायटीतल्या दोन बायका पिशव्या घेऊन उर्सुलाच्या मागोमाग बाजारात जाताना दिसल्या. त्याच्या पुढच्या गुरुवारी पाच-सहा. झालं! गोरी बाई जिथे जाते तिथे सगळ्या जातात, हे जयदीपचं गणित तंतोतंत खरं ठरत होतं, फक्त उलट्या दिशेनं. मग त्यानं गुपचूप कस्तुराबाईला गाठलं. "तिला चढा भाव लावा. फॉरेनरला सगळीकडे वेगळा भाव असतो. कमी पडेल ते मी देतो."

कस्तुराबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला साखळी आत घालावीशी वाटली. "शेठ, भवानी नासवता होय आमची? ती आल्यापासून सांजच्याला माल उरत न्हाई माझा. जावा तुम्ही, दुकान बघा तुमचं."

त्या रात्री जेवताना तो आईवर घसरला. तूच त्या बाईला बिघडवलंस, तुझ्यामुळे मी बुडणार, लोक म्हणतात एमडीची आई जुड्या विकते. बोलायला लागला की जयदीपला थांबता येत नसे. तनुजा खाली मान घालून भात कालवत राहिली. छबूबाईनं सगळं ऐकून घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला.

"असं कर," ती म्हणाली. "ज्या दिशी उर्सुला तुज्या दुकानातनं काय बी इकत घिऊन जाईल, त्या दिशी मी बाजारातली जागा सोडली. मग सोफ्यावर बस म्हनलास तर सोफ्यावर बसंन. पर तिनं न्हाई घेतलं, तर पुन्यांदा माज्या पाटीचं नाव काढायचं न्हाई."

"शब्द?"

"शब्द."

जयदीपला त्या रात्री इतकी छान झोप लागली की काय सांगावं. कारण त्याच्याकडे हुकमाचा पत्ता होता. उद्घाटनाला बोलावल्यावर भिडेखातर माणूस काहीतरी घेतोच. त्यानं उर्सुलाला पेढे देऊन आमंत्रण दिलं, आणि चौकात भलामोठा फ्लेक्स लावला. मध्ये वॉर्डातले भाऊ हात जोडून, एका कोपऱ्यात जयदीप फोन कानाला लावून, आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'आमच्या पहिल्या ग्राहक: जर्मनीच्या सौ. उर्सुलामॅडम'. मुहूर्त काढला गुरुवारचा, ऐन बाजाराच्या वेळेचा. एका दगडात आई, बाजार आणि सोसायटी, असा हिशोब. लिंबाखाली पाटीआड खेळत लहानाचा मोठा झालेला हा माणूस, पहिलं गिऱ्हाईक म्हणजे काय हे पार विसरला होता. फ्लॅट भाड्यानं देताना भवानी कुठे आठवते?

गुरुवार उजाडला. तोरणं, रांगोळी, सनईची रेकॉर्ड, सोसायटीच्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून. भाऊ तासभर उशिरा आले, म्हणजे त्यांच्या मानानं वेळेवरच. नारळ फुटला, फीत कापली गेली. आणि नेमक्या त्या वेळी रस्त्याच्या वळणावरून बाजारातल्या बायका येताना दिसल्या. पुढे कस्तुराबाई, मागे टोमॅटोवाली, काकडीवाली, कोणी रिकाम्या हातानं, कोणी पाटी तशीच डोक्यावर घेऊन. उर्सुलाबाई दुकानात म्हटल्यावर बाजारात भवानी कोण करणार? सगळा बाजार विक्री अडवून बाईला न्यायला आला होता.

"बसा, बसा," जयदीप ओशाळं हसत म्हणाला. बसायला जागा नव्हती.

उर्सुला केसांत गजरा माळून आली होती. आपली कापडी पिशवी घेऊन ती आत शिरली आणि सगळी गर्दी काचेला नाक लावून उभी राहिली. तिनं चीज घेतलं. पास्ता घेतला. ऑलिव्हची बाटली घेतली. आंबवलेल्या कोबीची जर्मन बरणी हातात घेऊन तिच्यावरची किंमत वाचली, मोठ्यानं हसली आणि जागेवर ठेवून दिली. मग काउंटरवर आली. तनुजानं एकेक वस्तू मशीनपुढे धरली, मशीन ट्यॅव ट्यॅव करत राहिली, आणि तनुजानं शेवटी आकडा सांगितला तेव्हा भाऊंनीसुद्धा भुवया वर केल्या.

फोटोग्राफर सरसावला. जयदीपनं हात पुढे केला. पण उर्सुलानं पाकीट काढलंच नाही. तिनं दुकानभर नजर फिरवली आणि अगदी मनापासून, जराही खोडसाळपणा न करता विचारलं, "भवानी हाय ना?"

"हो मॅडम. फर्स्ट कस्टमर! तुम्हीच!"

"मग तिसरा हिस्सा देते."

जयदीपला वाटलं थट्टा आहे. तो हसला, भाऊ हसले म्हणून अजून थोडा हसला. उर्सुला हसली नाही. बाजारात बसायची तशी ती शांतपणे उभी होती, सामानावर हात ठेवून.

"मॅडम, फिक्स रेट," जयदीपनं भिंतीवरची पाटी दाखवली.

"न्हाई परवडत," उर्सुला म्हणाली आणि तिनं सामानावरचा हात काढला.

आता आली का पंचाईत! द्यावं तर सगळ्यांदेखत भाव तिसऱ्या हिश्शावर. न द्यावं तर बाई रिकामी पिशवी घेऊन बाहेर, फ्लेक्स खोटा, आणि दुकानाचं पहिलंच गिऱ्हाईक माघारी. काचेपलीकडे बाजारातल्या बायका आपसांत कुजबुजू लागल्या. जयदीपच्या कपाळावर थंड हवेतही घाम फुटला. त्यानं आईकडे पाहिलं. छबूबाई दाराशी उभी होती, कमरेला किल्ल्या, बगलेत गोणपाट. कार्यक्रम आटपला की तशीच बाजारात जाणार होती. तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. उर्सुला आत्ता बाहेर पडली, की जागा छबूबाईची, पाटी छबूबाईची, आणि मुलाचं तोंड कायमचं बंद.

"दिऊन टाक, जयदीप," छबूबाई म्हणाली.

"आई, अगं..."

"पयलं गिऱ्हाईक हाय पोरा. माघारी लावू नगंस. तुज्या दुकानाला चांगलं न्हाई."

जयदीपनं दिलं. उर्सुलानं नोटा मोजून त्याच्या हातावर ठेवल्या, आणि त्याच्या नकळत त्याचा हात वर गेला आणि नोटा कपाळाला लागल्या, लहानपणी आईनं शिकवलं होतं तसं. फोटोग्राफरनं नेमका तोच फोटो काढला.

पुढचा तासभर नुसता गोंधळ होता. सोसायटीच्या बायका आत घुसल्या. "आम्हालाही तोच भाव!" "आमचीही भवानीच समजा की!" "आम्ही काय जर्मन नाही म्हणून?" भाऊंनी ऑलिव्हची बाटली घेतली आणि पैसे द्यायचा विषयच काढला नाही. या धामधुमीत बाहेर काय झालं ते जयदीपनं पाहिलं नाही. छबूबाईनं कस्तुराबाईला पैजेचं सांगितलं, बगलेतलं गोणपाट तिच्या हातात दिलं, "ठिव तुज्याकडं" म्हणाली, आणि घरी जाऊन सोफ्यावर बसली.

पैज जिंकल्याचा आनंद जयदीपला बरोबर एक आठवडा पुरला. दुकानात माणसं यायची, थंड हवेत जरा टेकायची, चीज उलटंसुलटं करून बघायची, "भवानी झाली का हो?" विचारायची आणि झाली म्हटलं की निघून जायची. तिसऱ्या हिश्शात जी वस्तू जाते तिचे पूर्ण पैसे द्यायला रावेतकर काही वेडे नव्हते. आणि घरात आई. काही तक्रार नाही, रुसवा नाही. विचारलं तर "बरी हाय की" म्हणायची. पण गुरुवारी दुपार कलली आणि तिनं तनुजाला तीन-तीनदा विचारलं, किती वाजले गं? भाकरी अर्धीच टाकून उठली. टीव्हीवर कसलीशी मालिका चालू होती आणि छबूबाई खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिला त्या सोफ्यावर बसायचं कसं तेच कळत नव्हतं. पाय वर घ्यावेत की खाली सोडावेत, काही ठरत नव्हतं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी तनुजाचा फोन आला. "अहो, लवकर बाजारात जा. व्हिडिओ फिरतोय."

जयदीप धावला. या वेळी चष्मा घालायचंही सुचलं नाही. लिंबाखाली, छबूबाईच्या जागेवर, छबूबाईच्याच गोणपाटावर उर्सुला बसली होती. पुढ्यात मेथीच्या जुड्या, वेड्यावाकड्या बांधलेल्या. तिनं स्वतः पवनेकाठी जाऊन उपटून आणल्या होत्या. सगळा टॉवर तिच्याभोवती मोबाइल वर धरून उभा होता.

"मॅडम, उठा! प्लीज!" जयदीप रडकुंडीला आला. "माझी इज्जत..."

"जागा रिकामी ठेवली की दुसरा बसतो," उर्सुला म्हणाली. "छबूताईची जागा हाय. मी राखते. सरक, भवानी व्हायची हाय अजून."

खरंच होतं. सगळ्या बाजाराची भवानी करणाऱ्या बाईची स्वतःची भवानी व्हायची होती. बघ्यांपैकी कोणी जुडीला हात लावत नव्हतं, सगळे फोटो काढण्यात गुंग.

"तुम्हीच करा की शेठ," कस्तुराबाई शेजारच्या ढिगामागून म्हणाली. "आईची तर कधी केली न्हाई."

"मी? मी कशाला..."

"व्हय, तुम्ही कशाला?" कस्तुराबाईचा आवाज चढला. "त्या दिवशी तुमची आई गप बसली असती तर ही बाई उठून गेली असती आन् म्हातारीची जागा राहिली असती. एवढं तरी कळलं का तुम्हाला? तुमचं दुकान नासू नये म्हणून बोलली ती. स्वतःच्या तोंडानं स्वतःची जागा घालवली. आन् तुम्ही गल्ला मोजत बसलात."

जयदीपला ते कळलं नव्हतं. खरंच सांगायचं तर त्याला आत्ता, या क्षणी, चारचौघांत कळलं. दाराशी उभी राहिलेली आई त्याला पुन्हा दिसली, बगलेत गोणपाट धरलेली. त्याला भयंकर लाज वाटली, आणि ही लाज मोबाइलवाल्यांची नव्हती. तो उकिडवा बसला. पांढऱ्या पँटला माती लागली.

"एक जुडी द्या," तो म्हणाला आणि खिशातून नोट काढून पुढे केली.

"असं न्हाई!" उर्सुला वैतागली. "आधी भाव विचार. मग कमी माग."

रावेतच्या मेथीवालीच्या पोटी जन्मलेल्या माणसाला घासाघीस करता येत नव्हती. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा कस्तुराबाईनं मागून सांगितलं तेव्हा जमलं. उर्सुलानं पैसे कपाळाला लावले आणि सगळ्या बाजारानं टाळ्या वाजवल्या.

घरी छबूबाई खिडकीशीच होती. जयदीपनं जुडी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं ती उलटी करून पाहिली, एक पान चुरगळून नाकाशी नेलं.

"जून झालीया. माजीच हाय. कुणी दिली?"

"उर्सुलानं. तुझ्या जागेवर बसलीय."

"कितीला घेतलीस?"

त्यानं सांगितलं.

"आरं द्येवा! फसवलं की तुला त्या बाईनं!" छबूबाई हसायला लागली ती पदर तोंडाला लावून हसतच राहिली. मग एकदम थांबली. "आन् जुडी बग कशी बांधलीया, सुटली सगळी. अशानं गिऱ्हाईक तुटंल माजं."

"म्हणून म्हणतो, तू चल आई."

छबूबाई परत खिडकीकडे वळली. "शब्द दिलाय म्या."

"मी परत देतो तुला तो. चुकलो मी, आई. तू माझ्यासाठी बोललीस आणि मला कळलंसुद्धा नाही."

जयदीप तिच्या पायाशी फरशीवर बसला.

"आज तुझ्या मेथीची भवानी मी केली. पहिलं गिऱ्हाईक आहे मी. मला माघारी लावू नकोस."

छबूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. पँटला लागलेल्या मातीकडे पाहिलं. मग सोफ्यावरून उठली, पदर खोचला, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"ह्या तुज्याकडं ठिव आता. बाजारात बसताना टोचत्यात मला."